कोकला न पचलेलं थम्सप

मनमाडहून दौंडच्या किंवा संभाजीनगरच्या गाडीत बसलात की अंकाई यायच्या आसपास एक सुळका दिसतो, मूठ आवळून अंगठा वर केल्यासारखा. त्याचं खरं नाव हडबीची शेंडी, ट्रेकवाल्यांना ते नाव माहितीये, पण डब्यातल्या कुठल्याही माणसाला विचारा, तो म्हणणार थम्सपचा डोंगर. आमच्याकडे तर लहानपणापासून ठामपणे सांगितलं जायचं की कंपनीच्या मालकाने गाडीतून हा डोंगर बघितला आणि तिथेच बाटलीवरचं चित्र ठरलं. मला ही गोष्ट काही खरी वाटत नाही, अंगठा वर करायला डोंगर कशाला बघायला लागतो, पण एक गोष्ट बघा ना, लोकांनी शेकडो वर्षं उभ्या असलेल्या डोंगराला एका कोल्ड्रिंकचं नाव देऊन टाकलं आणि जुनं नाव विसरून पण गेले. कोका कोलाचा असा एक डोंगर दाखवा मला.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे थम्सपची केस. १९९३ मध्ये कोका कोलाने हा ब्रँड विकत घेतला. घेतला तेव्हा त्यांना तो चालवायचा होता असं त्यांच्या पुढच्या दोन-तीन वर्षांच्या वागण्यावरून तरी वाटत नाही, स्वतःचा कोक पुढे आणायचा होता आणि थम्सप आपोआप विझेल अशी अपेक्षा होती. झालं उलटंच. आणि २०२१ च्या वर्षात थम्सपने भारतात एक अब्ज डॉलर विक्रीचा टप्पा ओलांडला, हे खुद्द कोका कोलानेच जाहीर केलं. म्हणजे सासरी आलेल्या ज्या सुनेला कुणी विचारत नव्हतं तिनेच घर चालवलं म्हणायचं.

हे का झालं यावर बहुतेक जण एका वाक्यात उत्तर देतात, की आपला ब्रँड, स्वदेशी, लोकांचं प्रेम. मला हे उत्तर पटत नाही. का पटत नाही ते सांगतो, पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आमचं घर मनमाडच्या रेल्वे कॉलनीत. काका वर्कशॉपमध्ये. मे १९७४ च्या रेल्वे संपात कॉलनीतल्या बऱ्याच घरांनी बरंच काही सोसलेलं, त्यामुळे आमच्याकडे जॉर्ज फर्नांडिस म्हणजे घरातला माणूस असल्यासारखा, नुसतं जॉर्ज. मुंबईत १९६७ ला स. का. पाटलांना पाडणारा जॉर्ज, संप करणारा जॉर्ज, तुरुंगातून मुजफ्फरपूरची निवडणूक जिंकणारा जॉर्ज. तर १९७७ ला जनता सरकार आलं आणि हा माणूस थोड्याच दिवसांत उद्योगमंत्री झाला आणि त्याने कोका कोलाला सांगितलं, कायदा पाळा नाहीतर निघा.

इथे एक गैरसमज आहे तो काढून टाकू. कायदा जॉर्जने केलेला नव्हता. परकीय चलनाचा फेरा नावाचा कायदा १९७३ चा, इंदिराबाईंच्या काळातला, त्यात होतं की परदेशी कंपनीचा हिस्सा साधारण ४० टक्क्यांवर आणायचा. कोकचा घोळ वेगळाच होता. बाटल्या भरणारे प्लांट इथल्याच लोकांचे होते, कंपनी फक्त कॉन्सन्ट्रेट म्हणजे मूळ अर्क विकायची, आणि सगळा पैसा त्या अर्कात. सरकारचं म्हणणं, हिस्सा भारतीयांना द्या आणि अर्क कसा बनतो ते तंत्रही इथे आणा. कंपनी बाकी कशावर बोलायला तयार होती पण अर्कावरचा ताबा सोडायला नाही, कारण तो सोडला तर उरतं काय, साखरेचं पाणी. म्हणून गेली. आयबीएम पण त्याच सुमाराला गेली पण आयबीएम गेल्याचं आमच्या कॉलनीत कुणाला कळलं असेल असं वाटत नाही.

आता विचार करा, काळं फसफसणारं पेय पिणारं एक अख्खं गिऱ्हाईक तयार आहे, बाटल्या भरायची मशिनं तयार आहेत, दुकानात लाकडी क्रेट आहेत, आणि माल नाही. अशी मोकळी जागा धंद्यात क्वचित मिळते. त्या जागेत तिघं उतरले.

एक, दिल्लीचा प्युअर ड्रिंक्स, जे आधी कोकचेच बॉटलर होते, त्यांनी कॅम्पा कोला आणला, अक्षरं पण कोकसारखीच वळणदार. उत्तरेत तो जोरात चालला, आमच्याकडे पण मिळायचा. दोन, खुद्द सरकार. हो, सरकारने कोल्ड्रिंक काढलं होतं. म्हैसूरच्या सरकारी अन्न संशोधन संस्थेने, सीएफटीआरआयने, फॉर्म्युला तयार केला, पाव बनवणाऱ्या मॉडर्न बेकरीच्या सरकारी कंपनीकडे ते बनवायला दिलं, आणि नाव ठेवलं डबल सेव्हन, सत्त्याहत्तर साली सत्ता आली म्हणून ७७. सत्तांतराचं स्मारक बाटलीत भरून विकायचं ही आयडिया ज्याला सुचली त्याला दंडवत. आणि तीन, पार्ले.

पार्ले म्हणजे कुठलं पार्ले हे पण सांगायला हवं, कारण लोक गोंधळतात. मोहनलाल चौहानांनी १९२९ मध्ये विलेपार्ल्यात कारखाना काढला, गोळ्या-बिस्किटांचा, स्टेशनचं नाव तेच कंपनीचं नाव. पुढे घरात वाटण्या होत गेल्या. बिस्किटवाले वेगळे, शीतपेयवाले वेगळे. शीतपेयवाल्या शाखेत रमेश चौहान आणि प्रकाश चौहान हे दोघे भाऊ. रमेश चौहान अमेरिकेत एमआयटीला शिकून आलेले. त्यांच्याकडे गोल्ड स्पॉट होतं पन्नासच्या दशकापासून, लिम्का होतं, आणि १९६९ मध्ये त्यांनी बिसलेरी पण घेऊन ठेवलेलं. म्हणजे पार्ले काही शून्यातून उभं राहिलं नाही, क्रेट फिरत होते, बॉटलर ओळखीचे होते, फक्त काळ्या रंगाचं पेय नव्हतं. ते त्यांनी १९७७ मध्येच आणलं. नाव ठेवलं थम्स अप, इंग्रजीत मधला बी काढून टाकला, आणि जाहिरातीत ओळ दिली हॅपी डेज आर हिअर अगेन. आनंदाचे दिवस परत आलेत असा त्याचा सरळ अर्थ. कोकचं नाव न घेता कोक गेल्याचं दुःख विकलं.

आता इथे माझा मुद्दा येतो. स्वदेशी म्हणून लोकांनी उचललं असतं तर डबल सेव्हन जिंकायला हवं होतं ना? त्याच्याइतकं स्वदेशी काहीच नव्हतं, सरकारी शास्त्रज्ञांनी बनवलेलं, सरकारी कंपनीने विकलेलं, नावातच लोकशाहीचा विजय. आमच्या काकांसारखे जॉर्जभक्त गावोगाव होते. तरी ते उठलंच नाही, आणि १९८० ला इंदिराबाई परत आल्यावर तर त्या नावाचं पेय चालवायचं कुणाला काय पडलेलं. म्हणजे एकाच वर्षी, एकाच मोकळ्या जागेत, एकाच भावनेवर दोन पेयं निघाली, एक मेलं आणि एक असं टिकलं की विकत घेणाऱ्या कोकला पण मारता आलं नाही. मग फरक भावनेत नसणार, दुसऱ्या कशात तरी असणार.

मला वाटतं तो फरक चवीत आणि बर्फात होता. ऐका.

ज्याने कोणी दोन्ही शेजारी शेजारी पिऊन बघितलंय त्याला माहितीये, कोक गोड आणि गुळगुळीत लागतं, थम्सप नाकात जातं. गॅस जास्त आणि मागून एक मसाल्याची चव, दालचिनी-जायफळ टाइप काहीतरी, नेमकं काय ते कंपनीलाच ठाऊक. हे मुद्दाम केलेलं. चौहान बंधूंनी कोकची कॉपी करायच्या ऐवजी कोकपेक्षा तिखट पेय बनवलं, आणि त्याला एक अगदी व्यवहारी कारण होतं. सत्तरच्या दशकात किती दुकानांत फ्रीज होता? आमच्या स्टेशनसमोरच्या दुकानात एक पत्र्याची पेटी होती, आत बर्फाची लादी, वरून गोणपाट, लाकडाचा भुसा, आणि त्यात उभ्या-आडव्या बाटल्या. सकाळची बाटली गार असायची, दुपारी चारची नुसती ओली. गोड सपक पेय कोमट झालं की सर्दीच्या औषधासारखं लागतं, पण जोरदार गॅस आणि मसाला असेल तर कोमट पण घशाला चावतं. गारव्याच्या भरवशावर न राहणारं थंड पेय, हे खरं डिझाइन. एमआयटीची डिग्री कुठेतरी इथे कामाला आली असं मी समजतो.

आणि आपली जीभ पण तशीच. गोटी सोडा पिणारी माणसं आपण, लिंबू पिळून, मीठ टाकून, काला नमक टाकून. जेवण जड झालं की सोडा, ढेकर आली म्हणजे पैसे वसूल. थम्सप हे त्या सोड्याच्या जातीचं पेय आहे, अमेरिकन कोलाच्या जातीचं कमी. आमच्याकडे पाहुण्याला पोट जड वाटलं की सांगायचे एक थम्सप मारा, मोकळं होईल, आणि उलटी-मळमळ असली की लिम्का. डॉक्टर लोकांनी कपाळाला हात लावला तरी हा औषधविचार घरोघर होता आणि आहे.

ऐंशीचं दशक थम्सपचं. आमच्याकडे पाहुणे आले की आई पदराला बांधलेले पैसे द्यायची आणि पळत जा, दोन थम्सप आण. सोबत डिपॉझिट ठेवायचं नाहीतर रिकाम्या बाटल्या घेऊन जायच्या, बाटली फुटली तर पाहुण्यांसमोर मार नाही पण ते गेल्यावर नक्की. एक बाटली चार ग्लासात, पोरांना तळाचा फेस. लग्नात वरातीला गोल्ड स्पॉट, कारण नवरदेवाच्या बाजूच्या पोरांना केशरी रंग आवडायचा, आणि मोठ्या माणसांना थम्सप.

बाटलीचा पत्र्याचा बिल्ला हे वेगळं चलन. आतलं रबर खरवडून काढलं की चित्र निघायचं कधीकधी, ते जमवून दुकानात दिले की काहीबाही मिळायचं, थम्सपची क्रिकेटरांची ती छोटी पुस्तकं तर अजून आठवतात, अंगठ्याने फरफर पानं सोडली की बॅट्समन शॉट मारतोय असं दिसायचं. शाळेत ज्याच्याकडे ते पुस्तक तो राजा. आणि ज्या बिल्ल्यांचं काही मिळणार नाही ते रुळावर ठेवायचे. मालगाडी गेली की पातळ चकती, कडा सुरीसारख्या, खिळ्याने दोन भोकं पाडून दोरा ओवला की भिंगरी. रेल्वे कॉलनीत राहायचा हा एवढाच फायदा. (आता कुणी करू नका रे, रुळाजवळ जायचं नाही.)

या सगळ्यात जाहिरात पण बदलत गेली, हॅपी डेजचं मऊ प्रकरण मागे पडलं आणि टेस्ट द थंडर आलं. ढगांचा गडगडाट. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याचाच उपयोग झाला. पेयाची चव जशी होती तशीच ओळ सापडली, रांगडी, आणि ते पेय हळूहळू मोठ्या पोरांचं, पुरुषी वगैरे झालं. लेडीज लिम्का घेतात असं सर्रास बोललं जायचं, मूर्खपणा होता, आमची आत्या एका दमात बाटली संपवायची.

१९९० ला पेप्सी आली. यायला तिला बरीच वर्षं आणि बऱ्याच अटी लागल्या, पंजाब सरकारची कंपनी आणि व्होल्टास यांच्याबरोबर भागीदारी, टोमॅटोवर प्रक्रिया, निर्यात, आणि नुसतं परदेशी नाव चालणार नाही म्हणून लेहर पेप्सी. जाहिरातीत आपल्या गोव्याचा रेमो फर्नांडिस आणि जुही चावला. सत्त्याहत्तरला एका फर्नांडिसने कोला घालवला आणि नव्वदला दुसऱ्या फर्नांडिसने गिटार घेऊन आणला असा विनोद आमच्या काकांनी केला होता, त्यांना रेमोचा राग पण नव्हता, गाणं छान आहे म्हणायचे.

चौहानांनी घाबरून हातपाय गाळले असं नाही झालं. पेप्सी छोट्या बाटलीत तर यांनी तीनशे मिलीची मोठी बाटली काढली, महा कोला म्हणून, तेवढ्याच पैशात जास्त, हे आपल्या लोकांना कळतं. पेप्सीला थम्सप मागे टाकता येत नव्हतं. मग १९९३ मध्ये विकलं का?

यावर लोक रमेश चौहानांना नावं ठेवतात, देशी ब्रँड विकला, घाबरला वगैरे. मी पण कॉलेजात असताना हेच बोलायचो. नंतर एका ओळखीच्या माणसाच्या एजन्सीत हिशोब लिहायचं काम केलं काही महिने, तेव्हा काचेच्या बाटलीचा धंदा कळला आणि मत बदललं.

त्या काळी खरी किंमत आतल्या पेयाची नव्हती, बाटलीचीच होती. एका क्रेटमध्ये चोवीस बाटल्या, प्रत्येक बाटली परत येऊन धुऊन पुन्हा भरली जाणार, कित्येक वेळा, तेव्हा कुठे तिचा खर्च निघणार. बॉटलरला आत पेय भरायच्या आधी काच आणि क्रेट यात पैसा घालावा लागतो. शिवाय ट्रक, बाटल्या धुवायचं मशीन, फुटतूट, आणि दुकानदाराकडे अडकलेला माल वेगळाच. पार्लेचे बहुतेक प्लांट स्वतःचे नव्हते, फ्रँचायझीचे होते, देशभर पन्नासच्या वर. चौहानांकडे नाव आणि अर्क, बॉटलरकडे बाकी सगळं. आता एखाद्या बॉटलरकडे कोकचा माणूस आला आणि म्हणाला की नवीन मशीन देतो, फ्रीज देतो, जाहिरात आमची, तर तो काय करणार? शहाणा असेल तर जाणार. आणि एकेक बॉटलर गेला की चौहानांकडे उरणार एक नाव, ज्याची बाटली त्या जिल्ह्यात कुणी भरत नाही. ब्रँड चढा असतानाच विकायचा की रिकामा झाल्यावर, एवढाच प्रश्न होता.

म्हणून त्यांनी विकला. थम्सप, लिम्का, गोल्ड स्पॉट, सिट्रा, माझा, पाच नावं, सहा कोटी डॉलरच्या आसपास, असा आकडा सगळीकडे सांगितला जातो. आज तो चिल्लर वाटतो, पण कोकने खरं काय घेतलं ते बघा. कोकला परत भारतात यायचं होतं आणि पेप्सी तीन वर्षं पुढे होती. शून्यातून बॉटलर शोधायचे तर अजून पाच वर्षं गेली असती. त्यांनी नावं नाही घेतली, क्रेट घेतले. ट्रकचे रस्ते घेतले. ऑक्टोबर १९९३ ला आग्र्यात कोकने परत सुरुवात केली आणि बघता बघता त्याच ट्रकमधून लाल बाटल्या फिरायला लागल्या.

आणि इथे त्यांचं चुकलं. नाव फुकटात आलंय म्हणून त्याची किंमतही शून्य धरली. थम्सपची जाहिरात आटली, सगळा पैसा कोकच्या मागे. कंपनीच्या बाजूने बघितलं तर तर्क बरोबर वाटतो, जगभर एकच कोला विकतो आम्ही, एका दुकानात स्वतःचेच दोन कोला कशाला भांडवायचे, गिऱ्हाइकाला काळं पाणी हवंय, थम्सप नसलं की कोक घेईल.

घेतलं नाही ना. थम्सप पिणाऱ्याला कोक म्हणजे थम्सप नासल्यासारखं लागत होतं. गॅस गेलाय का रे याचा, असं विचारायचे लोक, खरंच. दुकानात जाऊन माणूस कोक नाही मागायचा, थम्सप मागायचा, आणि आमच्या भागात तर कुठल्याही काळ्या कोल्ड्रिंकला थम्सपच म्हणतात अजून, पेप्सीतलं थम्सप द्या असं मी कानांनी ऐकलंय. थम्सप मागे सरकलं की त्याचा माणूस कोककडे जाण्याऐवजी पेप्सीकडे पण सरकत होता, म्हणजे कोकने स्वतःच्या पैशाने विकत घेतलेलं गिऱ्हाईक शत्रूला वाटायला सुरुवात केलेली. १९९६ चा वर्ल्ड कप आठवा, कोक अधिकृत पेय, पैसा ओतलेला, आणि पेप्सीने नथिंग ऑफिशियल अबाउट इट म्हणून चिडवत सगळी मजा पळवली. तरुण पोरं पेप्सीची झाली. कोककडे तेव्हा पेप्सीला अंगावर घेईल असं एकच नाव होतं, आणि ते त्यांनीच माळ्यावर टाकलेलं.

मग काढलं खाली. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला थम्सपची जाहिरात परत सुरू झाली, तोच थंडर, आणि पुढे ग्रो अप टू थम्स अप, म्हणजे पेप्सी पोरांनी प्यायची, मोठे झालात की इकडे या. सलमान, अक्षय कुमार, तेलुगूत चिरंजीवी, महेश बाबू, पुलावरून उड्या, बाटलीसाठी बिल्डिंगवरून उड्या, सगळा आचरटपणा, पण पेयाच्या चवीला धरून होता. कोकने स्वतःच्या मूळ पेयासाठी असं काही केलं असतं तर हसं झालं असतं. म्हणजे अटलांटाच्या कंपनीला भारतात पेप्सीशी लढायला विलेपार्ल्याच्या घराण्याने बनवलेलं पेय लागलं. आणि गंमत म्हणजे सत्त्याहत्तरचा हिश्शाचा प्रश्न पण परत आला, १९९७ मध्ये बॉटलिंगचा धंदा स्वतःकडे घ्यायची परवानगी मिळाली तेव्हा काही वर्षांत ४९ टक्के भारतीयांना विकायची अट घातलेली होती. जॉर्ज तेव्हा पुन्हा राजकारणात जोरात होते, वर्षभरात संरक्षणमंत्री झाले.

आता कुणी म्हणेल, हे सगळं चवीचं ठीक आहे पण आठवणींचं काय, लोकांना बालपण आठवतं म्हणून टिकलं. यावर माझ्याकडे गोल्ड स्पॉट आहे.

एकाच सौद्यात पाच नावं गेली ना? त्यातलं सगळ्यात जास्त हळहळून आठवलं जातं ते गोल्ड स्पॉट. माझ्या वयाच्या कुणाशीही बोला, जीभ केशरी व्हायची, बिल्ल्यातली जंगल बुकची चित्रं, जाहिरातीतलं ते झिंग थिंग, डोळे पाणावतात लोकांचे. आणि ते पेय २००० च्या आसपास बंद केलं. का, तर कोककडे फँटा होतं आणि संत्र्याच्या जागी संत्रं बसतं. सिट्राच्या जागी स्प्राइट बसलं, सिट्रा गेलं. लिम्काच्या त्या ढगाळ लिंबाला कोककडे जोड नव्हती, लिम्का राहिलं. माझाच्या आंब्याला जोड नव्हती, माझा राहिलं, आणि वाढलं. थम्सपच्या बाबतीत त्यांना वाटलं जोड आहे, स्वतःचा कोकच आहे की, पण लोकांच्या जिभेने सांगितलं की नाही, हे वेगळं पेय आहे. आठवणी पाचांच्याही होत्या. वाचली ती तीनच, ज्यांच्या जागी दुसरं काही ठेवता येत नव्हतं. आठवणीने गोल्ड स्पॉट वाचलं असतं तर मला आनंदच झाला असता.

तसंच ड्युक्सचं. चेंबूरचं ड्युक्स, पांडोळे घराण्याचं, क्रिकेटच्या ड्यूक बॉलवरून नाव ठेवलेलं, त्यांचा मँगोला म्हणजे मुंबईकरांचा जीव की प्राण. १९९४ मध्ये पेप्सीने घेतलं आणि मग हळूहळू मँगोला दिसेनासा झाला, पेप्सीकडे स्लाइस होतं. मुंबईकरांचं प्रेम काय कमी होतं का?

चौहानांचं पुढे काय झालं ते माहितीच आहे सगळ्यांना. धाकटे प्रकाश चौहान पार्ले अ‍ॅग्रो, फ्रूटी १९८५ पासून त्यांचीच. रमेश चौहानांकडे विकून उरलेली एक गोष्ट म्हणजे पाणी, ज्याला कोकने तेव्हा विचारलं पण नसेल, कारण बाटलीतलं पाणी म्हणजे फॉरेनर आणि मोठ्या हॉटेलांचं काम. आज बिसलेरी म्हणजेच पाणी. मध्ये २०२२ मध्ये टाटांना विकणार अशी बातमी होती, मग २०२३ मध्ये बोलणी फिसकटली. आणि माझाच्या नावावरून कोक आणि बिसलेरी दिल्ली हायकोर्टात पण भांडले, तुर्कस्तानात ते नाव कुणी वापरायचं यावरून. आंबा आपला, भांडण तुर्कस्तानचं.

आमच्या काकांना १९९४-९५ च्या सुमाराला मीच सांगितलं होतं, थोडं खोचकपणे, की काका तुमचं थम्सप आता कोकचं झालं, ज्याला जॉर्जने हाकललं त्याचं. त्यांनी बाटली हातात फिरवली, एक घोट घेतला, नाक चोळलं. म्हणाले, चव तीच आहे. मग अजून एक मागवली. एवढा कट्टर माणूस, ज्याने संपात पगार घालवलेला, त्याला मालक कोण याने फरक पडला नाही, तर बाकीच्यांना काय पडणार होता.

आता नवीन प्रयोग चालू आहे. रिलायन्सने २०२२ मध्ये जुना कॅम्पा विकत घेतला, साधारण २२ कोटींना म्हणे, आणि २०२३ पासून परत बाजारात आणला. टीव्हीवर जुन्या दिवसांच्या गप्पा झाल्या, आपला जुना कॅम्पा वगैरे. गेल्या महिन्यात मनमाडला गेलो तेव्हा त्याच स्टेशनसमोरच्या दुकानात बघितलं, पेटीच्या जागी काचेचा मोठा फ्रीज, त्यात पुढच्या रांगेत कॅम्पाच्या दहा रुपयांच्या छोट्या बाटल्या. दुकान आता मुलगा चालवतो. म्हटलं, जुने लोक घेतात का रे आठवणीने? म्हणाला, कसली आठवण काका, शाळेची पोरं नेतात, दहाला मिळतं म्हणून. त्यांना वाटतं नवीनच निघालंय.

जुने लोक काय घेतात विचारलं तर त्याने फ्रीज उघडून माझ्यासमोर थम्सप ठेवली. प्लास्टिकची होती. बिल्ला नव्हता.